आत्यांचं बोट

"माझं बोट ह्याला कळंना," आत्या म्हणाल्या आणि टॅब माझ्याकडं सरकवून पुन्हा लसूण सोलायला लागल्या.

नवा टॅब घरात येऊन तेव्हा जेमतेम दोन तास झाले होते. मुलांनी आधी खेळून घेतला होता, मग मी आत्यांना कीर्तन लावून दिलं. बुवांनी अभंगाचं पहिलं चरण उचललं आणि मध्येच जाहिरात आली. ती घालवायला आत्यांनी उजव्या हाताच्या तर्जनीनं कोपऱ्यात दाबलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर काचेवर टक् असा आवाज आला. जाहिरात जागची हलली नाही. मी बोट टेकवलं आणि ती गेली. आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा उमटत नाही आणि दुकानदार "पुसून परत लावा" म्हणतो, तेव्हा त्या जशा बघतात तशाच बघत होत्या.

आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. कराडपासून पंधरा किलोमीटरवर आमचं गाव. आत्यांचं आयुष्य शेतात आणि चुलीपुढं गेलं. उन्हाळ्यात हळदीचं काम, पावसाळ्यात भुईमुगाची खुरपणी, आणि बारा महिने दोन वेळच्या भाकऱ्या. हा टॅब मी घेतला तो बऱ्याच अंशी त्यांच्यासाठी. तीन महिने शोध चालला होता. वहीत कोष्टक केलं होतं: रॅम, स्टोरेज, बॅटरी, पडद्याचे इंच, किंमत. पण ज्या बोटानं तो चालवायचा ते बोट त्या कोष्टकात कुठंच नव्हतं.

टॅबचा विषय निघाला तो फोनमुळं. ह्यांचा फोन सकाळी आठला त्यांच्याबरोबर तासवडे एमआयडीसीत जातो तो रात्रीच परत येतो. माझा फोन माझ्याबरोबर पतसंस्थेत. संध्याकाळी मी दारात पाय ठेवला की माझ्याआधी फोनचीच वाट बघत तिघं उभी. थोरल्याला दहावीच्या विज्ञानाचे व्हिडिओ बघायचे असतात, धाकटीच्या शाळेच्या ग्रुपवर अभ्यासाची पीडीएफ आलेली असते, आणि सात वाजता आत्यांचं कीर्तन. त्याच फोनमध्ये माझ्या बँकेचे मेसेज, पतसंस्थेचा ग्रुप, यूपीआय. एकदा कीर्तन चालू असताना एका खातेदाराचा फोन आला, आत्यांनी चुकून तो उचलला, आणि त्या गृहस्थांनी आपल्या थकलेल्या कर्जाची सगळी हकीकत त्यांना सांगितली. दुसऱ्याच्या पैशाची गोष्ट अशी घरात सांडली हे मला फार लागलं.

फोन एका माणसाचा असतो. घराची अशी वस्तू वेगळी असते. माझ्या माहेरी फळीवर रेडिओ होता, तो कुणाचा असा प्रश्न कधी कुणाला पडला नाही. खिळ्याला कालनिर्णय लटकलेलं असायचं, त्यावर आजोबा दुधाचा हिशेब लिहायचे, आई गॅस कधी लावला ते लिहायची, आम्ही परीक्षेच्या तारखेला गोल करायचो. सगळ्यांचं अक्षर एकाच पानावर. तसं काहीतरी मला हवं होतं, घराबाहेर न जाणारं.

तसा हा आमचा पहिला टॅब नव्हे. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर भरायला लागले तेव्हा घाईघाईत साडेपाच हजारांचा एक टॅब मागवला होता. कंपनीचं नाव आधी कधी ऐकलेलं नव्हतं आणि इथं सांगण्याचीही गरज नाही. सहा महिन्यांत तो इतका संथ झाला की थोरला वर्गात शिरेपर्यंत हजेरी होऊन जायची. दीड वर्षानं एके दिवशी तो टेबलावर सपाट बसेना, डगमगायला लागला. उलटा करून बघितलं तर मागचं झाकण फुगलेलं, कडेनं काच उचललेली. आतली लिथियम बॅटरी खराब झाली की तिच्यात वायू साठतो आणि ती अशी फुगते. अशा वेळी ती दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर मुळीच लावायची नाही. मी तो अंगणात फरशीवर नेऊन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी कराडला ई-कचरा घेणाऱ्याकडं देऊन आले. ज्या वस्तूशी माझा मुलगा तासन् तास खेटून बसायचा ती आतून अशी झाली होती, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. म्हणून या वेळी ठरवलं होतं की बजेट बारा हजारांचंच राहील, पण घेईन ते समजून घेईन.

समजून घेताना आधी आकड्यांची भाषा शिकावी लागली. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'आठ जीबी रॅम' असतं आणि खाली बारीक अक्षरात 'चार अधिक चार'. त्यातले पहिले चार खरे. दुसरे चार म्हणजे साठवणुकीच्या जागेतला एक तुकडा रॅमसारखा वापरायचा, त्याला व्हर्च्युअल रॅम म्हणतात. स्वस्त टॅबमधली साठवणूक बहुधा ईएमएमसी प्रकारची असते, ती खऱ्या रॅमच्या मानानं फार सावकाश चालते, त्यामुळं त्या उसन्या चारांचा उपयोग बेताचाच. उसनवारीचे व्यवहार मी रोज बघते, हे मला लगेच पटलं. खरे चार जीबी आणि चौसष्ट जीबी साठवणूक याच्या खाली उतरायचं नाही, एवढं ठरवून टाकलं. वर मेमरी कार्डाची खाच असली तर उत्तम.

'व्याजाशिवाय हप्ते' ही पाटीही अशीच. व्याज तिथं असतंच, तेवढी सूट आधी किमतीत दिलेली असते, आणि बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लावते तो आपल्या बिलात येतो. रक्कम मोठी नसते, पण हप्ता घेणाऱ्याला ती कुणी आधी सांगत नाही. मी पैसे साठवून रोखीनं घेतला.

सिमचा घ्यावा की नुसता वायफायचा, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. घरात वायफाय आहे आणि टॅब बाहेर जाणार नाही, मग सिमसाठी जास्तीचे पैसे कशाला, असं माझं म्हणणं. व्हॉट्सअॅप फोनला जोडून टॅबवर चालतं, एका खात्याला फोनशिवाय चार उपकरणं जोडता येतात. यूपीआयला मात्र नोंदणीच्या वेळी त्या उपकरणातल्या सिमवरून मेसेज जावा लागतो, म्हणजे सिम नाही तर त्यावरून पैसे जाणार नाहीत. हे, "मग काय उपयोग" म्हणाले. मला तीच गोष्ट सगळ्यात आवडली. मुलांच्या हातात, आत्यांच्या हातात दिवसभर राहणाऱ्या वस्तूला पैशाचं दार नसलेलंच बरं. रोज फसवणुकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या बाईचं हे मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

पडद्याचं मात्र दुकानात गेल्यावरच उमगलं. या किमतीच्या आसपास तेव्हा दोन मापं मिळत होती, पावणेनऊ इंचांच्या आतबाहेरचं आणि अकरा इंचांचं. सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए९ पहिल्या मापाचा, रेडमी पॅड एसई दुसऱ्या. दुकानात दोन्ही मापांच्या टॅबवर एकच खेळ चालू होता, धबधबे, फुलपाखरं, कापलेलं कलिंगड. कलिंगड कुठल्याही पडद्यावर छान दिसतं. मी दुकानातल्या मुलाला म्हटलं, "दादा, ह्याच्यावर मला बालभारतीचं सहावीचं पुस्तक उघडून दाखवा." तो थोडा गोंधळला, पण दाखवलं त्यानं. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. मग एका वर्तमानपत्राचा ई-पेपर उघडायला सांगितला.

लहान पडद्यावर पान पूर्ण दिसत होतं, पण 'महाराष्ट्र' मधला ष्ट्र म्हणजे एक काळा ठिपका. 'द्ध' आणि 'ध्द' सारखेच. इंग्रजी ओळ त्याच आकारात व्यवस्थित वाचता येत होती. त्याचं कारण उभं राहून बघताना कळलं: इंग्रजी अक्षर एका मजल्याचं असतं, आपलं तीन मजल्यांचं. वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि मधल्या मजल्यावर जोडाक्षरांची दाटी. त्याला ठिपके जास्त लागतात. १३४० गुणिले ८०० चा पावणेनऊ इंची पडदा घेतला तर इंचाला सुमारे १८० ठिपके पडतात. १९२० गुणिले १२०० चा अकरा इंची घेतला तर सुमारे २०५, आणि वर पानही मोठं. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. 'राष्ट्र' वाचून बघा, मग कळतो. मराठी घरासाठी टॅब घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, दुकानात जोडाक्षरं वाचा. तिथल्या व्हिडिओवर जाऊ नका.

मोठा जड असतो, हे खरं. लहान टॅब साधारण साडेतीनशे ग्रॅमचा, मोठा पावणेपाचशेच्या पुढं. हातात धरून झोपून वाचणाऱ्यानं लहानच घ्यावा. आमच्या आत्या काहीच हातात धरून वाचत नाहीत. पोथी ठेवायचा घडीचा लाकडी स्टँड त्यांच्याकडं आहे, सासऱ्यांच्या वेळचा, कडा झिजून गुळगुळीत झालेला. टॅब त्यावर बसेल हे मी घरून निघतानाच मापून आले होते. अकरा इंची घेतला. चित्रपट दाखवणाऱ्या अॅपवर स्वच्छ चित्र दिसायला टॅबमध्ये वाइडवाइन एल१ नावाची सुरक्षेची सोय लागते, काही स्वस्त टॅबमध्ये ती नसते, तेही तपासलं. खोक्यावर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, खूण आहे ना, बघितलं. बिल घेतलं. आणि एवढं सगळं करून घरी आले, तर ते "माझं बोट ह्याला कळंना".

त्या रात्री मला झोप लागली नाही. यात यंत्राचा दोष नाही आणि आत्यांचा तर नाहीच, मग हे असं का व्हावं? सकाळी थोरल्यानं मला समजावून सांगितलं, त्याच्या पुस्तकातल्या विजेच्या धड्याच्या आधारानं. काचेखाली डोळ्यांना न दिसणारी एक जाळी असते, तिच्यात विजेचा अगदी अल्प भार खेळत असतो. आपल्या शरीरातून वीज वाहू शकते, कातडीत ओलावा असतो. बोट टेकलं की तिथला थोडा भार बोटाकडं ओढला जातो आणि जाळीला कळतं, अमुक ठिकाणी स्पर्श झाला. म्हणजे दाबण्याचा इथं संबंधच नाही. आत्या जितकं जोरात दाबत होत्या तितकं ते फुकट जात होतं. घट्ट पडलेली कोरडी कातडी, तिच्यातून तो भार जाळीला जाणवेल इतका जातच नाही.

मी आत्यांचा हात हातात घेऊन पहिल्यांदाच नीट बघितला. सोळा वर्षं या घरात आहे मी. त्या हातानं दिलेलं किती खाल्लं, बाळंतपणात त्याच हातानं मला तेल लावलं. पण असा उजेडात धरून बघितला नव्हता. अंगठ्याचं पेर आणि तर्जनीचं पेर, दोन्हीवर रेषाच नाहीत. खुरप्याची मूठ जिथं बसते तिथं पिवळसर, चकचकीत, भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखा टणक थर. मधल्या बोटाला आडवी भेग, तिच्यात हळदीचा रंग मुरलेला, तो आता कधी जाणार नाही. रेशनचं मशीन या अंगठ्यात जे शोधतं ते जमिनीत गेलेलं आहे.

आणि मला आकाश टॅब आठवला, सरकारनं विद्यार्थ्यांसाठी काढलेला. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी तो आणला, तेव्हा मी लग्न होऊन या गावात आले होते. जगातला सगळ्यात स्वस्त टॅब म्हणून पेपरात केवढ्या बातम्या. सरकारला तो २,२७६ रुपयांना पडणार होता. सात इंचांचा पडदा, २५६ एमबी रॅम. पण त्याचा पडदा रेझिस्टिव्ह होता, म्हणजे दाबावर चालणारा: वरचा पापुद्रा दबून खालच्याला टेकला की स्पर्श झाला. त्या पडद्यावर खूप टीका झाली, जोर लावावा लागतो म्हणून. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, आकाश-२ आला. मुंबईच्या आयआयटीचा त्यात मोठा वाटा होता, आणि पडदा बदलून आजच्यासारखा कपॅसिटिव्ह, म्हणजे बोटाकडं ओढल्या जाणाऱ्या भारावर चालणारा, केलेला होता. सगळ्यांनी त्याला सुधारणा म्हटलं, आणि होतीच ती. आकाश एकूणच फार संथ होता, तो पुन्हा यावा असं मी म्हणणार नाही. पण त्या टाकाऊ ठरलेल्या पडद्याला आत्यांचं बोट कळलं असतं. त्याला काडी चालायची, नख चालायचं, हातमोजा चालायचा. कुणाच्याही कातडीत ओलावा किती हे तो विचारत नव्हता. ज्या देशात इतके हात असे राबलेले आहेत, तिथं पडदा निवडताना हे कुणाच्या तरी ध्यानात यायला हवं होतं, असं मला त्या दिवसापासून मनापासून वाटतं.

मग आम्ही एकेक उपाय करायला घेतले. दुकानदारानं आग्रहानं चिकटवलेली जाड काच आधी काढली. ती मधे असली की स्पर्श आणखी क्षीण होतो. थोडा फरक पडला. आत्यांना हात धुऊन, खोबरेल तेलाचा थेंब चोळून, पुसून बोट लावायला सांगितलं. पाचात दोनदा लागायला लागलं, पण काचेवर तेलाचे ओघळ, आणि दर वेळी हात धुऊन कोण बसणार? काही टॅबच्या सेटिंगमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवायची सोय असते, आमच्या टॅबमध्ये ती सापडली नाही. रबराच्या टोकाचा एक पेन दीडशे रुपयांना आणला, तो चांगला चालला. दोन दिवसांनी तो सापडेना. धाकटीच्या दप्तरात निघाला, पुन्हा गेला.

बोलून चालवणं हा उपाय मला सगळ्यात मोलाचा वाटला. गुगलच्या कीबोर्डला २०१७ पासून मराठी बोलणं समजतं. माइकच्या चिन्हावर मी बोट ठेवलं आणि आत्यांना म्हटलं, "बोला, काय हवं ते." त्या आधी पदर सावरून नीट बसल्या. मग दारात आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं मोठ्यानं म्हणाल्या, "पंढरपूरचं विठ्ठलाचं दर्शन दाव." शब्द एकेक करून पडद्यावर उमटले. आत्या चौथी शिकलेल्या आहेत. त्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं, "वि-ठ्ठ-ला-चं," आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "माझं बोलणं लिवलं का गं त्यानं?" चौथीनंतर त्यांनी सहीशिवाय काही लिहिलेलं नव्हतं. त्यांचं बोलणं कुणी लिहून घेतल्याचं मलाही आठवत नाही. मी अक्षराचा आकार सगळ्यात मोठा करून दिला. सात शब्दांत पडदा भरला तरी चालेल. ष्ट्र स्वच्छ दिसला पाहिजे.

पण माइकचं चिन्ह दाबायलाही बोट लागतं, आणि तिथं माझी किंवा मुलांची गरज उरत होतीच. दुपारी घरात त्या एकट्या. मी पतसंस्थेत बसून विचार करायची, आता जाहिरात आली असेल, आणि कीर्तन अडलं असेल.

साधारण पंधरवड्यानं मी शनिवारी लवकर घरी आले. दार लोटलेलं होतं. आत्या ओट्याशेजारी पाटावर बसल्या होत्या, समोर लाकडी स्टँडवर टॅब, त्यावर मोठ्या अक्षरांत हरिपाठ. त्या ओठ हलवत वाचत होत्या. पान संपलं. त्यांनी उजवा हात उचलला, चारही बोटं तळव्यात मिटून घेतली, फक्त करंगळी बाहेर काढली आणि काचेवरून हलकेच वर सरकवली. पुढचं पान आलं.

मी दारातच थांबले. त्यांनी आणखी दोन पानं तशीच सरकवली. मग मला बघून म्हणाल्या, "आलीस? च्या ठेव."

"आत्या, करंगळीनं कसं काय सुचलं तुम्हाला?"

"अगं, रेशनला अंगठा लागंना, तवा त्या पोरानं एकेक करून सगळी बोटं लावून घेतली. शेवटाला करंगळी लागली. दोन वरसं झाली, तिच्यावरच धान्य घेतीया मी." त्यांनी करंगळी माझ्यापुढं धरली. "हिला खुरपं धरावं लागलं न्हाई कवा."

मी ती करंगळी हातात घेऊन बघितली. पेरावर सगळ्या रेषा जागच्या जागी होत्या, बारीक, गोल गोल, एकीला चिकटून दुसरी. कातडी मऊ होती.

चहा ठेवला. तोवर धाकटी शाळेतून आली, दप्तर टाकून आजीच्या मांडीला मांडी लावून बसली आणि म्हणाली, "आज्जी, मी सरकवते, तू वाच." आत्या पुढचा अभंग वाचायला लागल्या. पान संपलं तशी धाकटीनं चार बोटं मिटली आणि करंगळीनं पान वर सरकवलं.